कागद उंदीर खातात

संत मार्टिनच्या सणानंतरचा बुधवार, १४८३

वेल्टिन,

तू जिवंत आहेस आणि स्ट्रासबुर्गला आहेस, हे मला एका सुया विकणाऱ्या फेरीवाल्याकडून कळलं. सख्ख्या बहिणीला भावाची खबर अशी मिळावी, यावर मी जास्त लिहीत नाही. हे पत्र मठाबाहेर जाण्याआधी मदर युट्टा वाचतात, आणि माझं रागावणं त्यांनी आजवर पुष्कळ वाचलेलं आहे.

झालं ते असं. फेरीवाल्याने दारात पथारी पसरली. सुया, फिती, शिंगाच्या फण्या, आणि तळाशी संतांची छापील चित्रं. आमची दारावरची सिस्टर एनेलिन अशा वेळी लहान मुलीसारखी होते. तिने लाकडी ठशाची दोनतीन चित्रं घेतली, आणि वर तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापलेलं एक. ते घेऊन ती माझ्या चित्रशाळेत आली.

"ओडिलियाताई, याला जरा रंग लावून द्या. बिचारा देवदूत आजाऱ्यासारखा करडा दिसतोय. नाताळला शिकाऊ मुलींच्या खोलीत लावू."

मदर युट्टांनी होकार दिला, म्हणजे तो आदेश झाला. मी लाल हिंगूळ खलला, डिंकाचं पाणी घातलं, कुंचला भिजवला आणि कागद पुढे ओढला.

मारियाला देवदूत येशूच्या जन्माचा सांगावा द्यायला येतो, तो प्रसंग. मी स्वतः किती पोथ्यांत रंगवलाय याची गणती नाही. पण देवदूताचा झगा पाहिला आणि कुंचला हातातच राहिला. कापड असं पडत नाही, वेल्टिन. कापड लोंबतं. हे कापड उभं होतं, मोडल्यासारखं, काठाकाठांनी. आणि मला आपलं मागचं अंगण आठवलं. थंडीत दोरीवरचं धुणं गोठायचं. तू त्या चादरी काढून भिंतीशी उभ्या करायचास, मोडून त्यांची घरं करायचास, आणि आई लाटणं घेऊन मागे लागायची. "घडी मोडलीस तर धागा तुटतो, मेल्या!" कागदाच्या तळाशी तुझी खूण मी त्यानंतर पाहिली. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर आणि बाबांच्या सोनारी दुकानाचा हातोडा. बाबांची खूण वापरायची परवानगी तुला कुणी दिली, हे मी विचारणार होते. आता विचारत नाही. एनेलिनने फेरीवाल्याला गाठून ती खूण दाखवली, तेव्हा त्याने तुझा पत्ता सांगितला.

मारियाचा चेहरा मी खिडकीशी नेऊन पाहिला. पापण्यांना दोन रेघा, नाकाची एक, ओठांखाली सावलीचे चार ठिपके. बाकी काही नाही, नुसता कागद. आजूबाजूला तू इतकं कोरलंयस, पडदे, फरशी, लिलीच्या फुलांचं भांडं, आणि जिथे सगळे जण सगळ्यात जास्त कष्ट घेतात तिथे हात उचलून घेतलास. मी चेहऱ्याला तीन थर देते. गुलाबी, पांढरा, पुन्हा गुलाबी. मला कधी असं सुचलं नाही. कौतुक करायची मला सवय नाही, त्यामुळे हे वाक्य नीट जमलं नसेल तर समजून घे.

आता प्रश्न. रंगवू की नको? आदेश आहे. पण रंग लावला की तुझ्या रेघा बुजणार. रंगाच्या बाबतीत मी आजवर कुणाला विचारलेलं नाही, तुला विचारते आहे.

आई आमच्याकडे असते, बाबा गेल्यापासून. मठात म्हाताऱ्यांसाठी दोन खोल्या आहेत, त्यातली उजेडाची तिला मिळवून दिली. डोळ्यांवर पडदा येत चाललाय. डोळे बरे करणाऱ्या संत ओडिलियाच्या झऱ्याचं पाणी आणून रोज धुतो. "पोरीला नाव ठेवलं ओडिलिया," म्हणते, "आणि डोळे गेले माझे. संताने पत्ता चुकवला." तुझं नाव ती घेत नाही.

ओडिलिया


संत लुसीचा दिवस

वेल्टिन,

तुझं पत्र पोहोचलं. पत्र म्हणायचं म्हणून म्हणते. "ताई, खुशाल रंगव. तो एकच आहे असं वाटलं की काय तुला? माझ्याकडे ढीग पडलाय," आणि सोबत त्याच देवदूताची गुंडाळी.

मी महिनाभर तो कागद तागाच्या कापडाखाली झाकून ठेवला होता. शिंक आली तर तोंड फिरवत होते. पोथीतलं एक पान बिघडलं तर ते गेलं, ही माझ्या हाताची सवय. तू माझ्यावर हसला असशील. हस. मग मी सगळे कागद टेबलावर ओळीने मांडले आणि एकेक चेहरा पाहत गेले. सगळीकडे तोच. तीच पापणी, तेच खाली पाहणं. माझ्या हातून एक मारिया दुसरीसारखी कधी झाली नाही, आणि मी त्याला देवाची इच्छा म्हणत आले. त्या दिवशी जेवणाची घंटा मला ऐकू आली नाही. एनेलिन बोलवायला आली. ओळ पाहून म्हणाली, "अगंबाई, एवढ्या जणींना एकदमच सांगावा?"

एक तक्रार आहे. सिस्टर ब्रिडाने तिच्या वाटणीच्या कागदातून कात्रीने देवदूत कापून काढला आणि प्रार्थनेच्या पुस्तकात चिकटवला. मारिया बाजूला टाकली.

"अगं, तो कुणाशी बोलतोय मग आता?" मी विचारलं.

"माझ्याशी," ती म्हणाली.

मी तिला कोरड्या पावाची शिक्षा देणार होते. मदर युट्टांनी देऊ दिली नाही. म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे, ओडिलिया." तुलाही ते आवडेल असं वाटतं.

आता महत्त्वाचं. मी एक कागद आईकडे नेला. न रंगवलेला. दुपारी तिच्या खिडकीत ऊन येतं तेव्हा गेले आणि तिच्या हातात दिला. तिने नाकाशी धरला, लांब धरला, तिरका केला.

"करडं आहे. धुकं काढलंय का कुणी? काय आहे हे?"

"देवदूत आणि मारिया."

"कागद आहे." तिने कोपरा बोटांत चोळला. तिला कळलं. तिला कळलं हे मला तिच्या मानेवरून कळलं. "कुणाचं आहे ते सांगू नकोस. कागद उंदीर खातात." आणि परत दिला.

मग मी माझ्या पद्धतीने गेले. दुसरा कागद घेतला आणि मारियाच्या झग्यावर डोंगरी निळा चढवला. थरावर थर, आपल्या चर्चच्या खिडकीसारखा. देवदूताला हिंगूळ. तुझी एकही घडी शिल्लक ठेवली नाही. तो तिच्यापुढे धरला. या वेळी तिचा चेहरा उजळला.

"निळा! हे दिसलं मला. लाल पण. किती दिवसांनी दिसलं गं काही."

मी म्हणाले, "आई, हे वेल्टिनचं काम आहे."

"निळा तुझा आहे," ती म्हणाली. "मला न कळायला काय झालं? लहानपणापासून तू निळ्यात डिंक जास्त घालतेस. यात त्याचं काय आहे?"

खरंच काही नव्हतं. जे तिला दिसतं ते माझं. जे तुझं आहे ते तिला दिसत नाही, आणि या हिवाळ्यानंतर मुळीच दिसणार नाही.

म्हणून लिहिते. मला कागद नको. तांबं पाठव. ज्या पत्र्यावर तू हे कोरलंस तो पत्रा. आईचे डोळे गेले, बोटं गेलेली नाहीत. तीस वर्षं बाबांची चांदी तिने घासून चकाकवली. कोरलेली रेघ ती अंगठ्याच्या नखाने तपासायची आणि "परत घ्या" म्हणाली तर बाबा निमूट परत घ्यायचे. तूही घ्यायचास.

ओडिलिया


तीन राजांच्या सणानंतरचा सोमवार, १४८४

वेल्टिन,

नाही म्हणालास. कारणं वाचली. तांबं म्हणजे तुझं पोट. चाळीस दिवसांच्या उपासात फ्रांकफुर्टची जत्रा आहे, त्याआधी त्यावरून छपाई करायची आहे. वाटेत ओरखडा पडला तर सगळं काम फुकट. हे सगळं खरं आहे आणि मी ते मान्य करते.

पण खरं कारण तू शेवटी लिहिलंस. "आई त्याला हात लावणार नाही. बाबांच्या पात्राचं ती विसरली असेल असं तुला वाटतं?"

विसरलेली नाही. बाबांनी आपल्या चर्चसाठी प्रसाद ठेवायचं ते चांदीचं पात्र घडवलं, द्राक्षवेलीचं, आणि तू त्याचं चित्र तांब्यावर कोरून छापलंस. पुढल्या उन्हाळ्यात कुण्या परगावच्या सोनाराने तसंच पात्र बनवल्याचं बाबांच्या कानावर आलं. "माझा वेल बाजारात विकलास," असं ते म्हणाले, आणि तू म्हणालास, "विकला नाही, लावला. वेल लावल्याशिवाय वाढतो का?" उत्तर हुशारीचं होतं. वेळ हुशारीची नव्हती. त्या रात्री तू निघून गेलास, आणि बाबांच्या शेवटच्या दिवसांत तू कुठे आहेस हे कुणालाच माहीत नव्हतं. आईचं म्हणणं होतं की चांदीतलं काम राहतं आणि कागदावरचं जातं, आणि तू राहणाऱ्या कामाची चेष्टा केलीस. तेव्हा मलाही तसंच वाटायचं.

आता एक गोष्ट ऐक, जी आईला मी सांगितलेली नाही. बाबांचं ते पात्र नाही आता. मागच्या वर्षी नवी घंटा ओतायची होती, देणग्या पुरल्या नाहीत, तेव्हा चर्चच्या जुन्या चांदीबरोबर तेही मुशीत गेलं. मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. इतकं सुंदर काम, आणि वजन करून वितळवलं. द्राक्षाच्या एकेका पानाला बाबांनी शिरा काढल्या होत्या. आज त्या शिरा फक्त तुझ्या कागदावर आहेत, आणि जे कुणी सोनार तुझ्या कागदावरून काम करतात त्यांच्या हातात.

तू वेल लावलास हे तुझं बोलणं बरोबर निघालं. मी हे लिहून देते आहे. मदर युट्टा साक्षीला आहेत.

आईला आता खिडकी आणि भिंत यांतला फरक कळतो, एवढंच. काल तिने मला विचारलं, "बाहेर बर्फ आहे का?" बर्फ नव्हतं. ऊन होतं.

मी तांबं मागितलेलं नव्हतं, पाठव असं सांगितलं होतं. पुन्हा सांगते. दारूच्या पिंपांचा गाडीवाला मांगोल्ड दर पंधरवड्याला स्ट्रासबुर्गहून इकडे येतो. माणूस भरवशाचा आहे, पीत नाही, निदान जाताना पीत नाही.

ओडिलिया


राखेच्या बुधवारनंतरचा शुक्रवार

वेल्टिन,

तांबं मिळालं. एकही ओरखडा नाही. मेंढीच्या चरबीत माखून, लोकरीत गुंडाळून, फळीला बांधून पाठवलंस. मांगोल्ड म्हणाला, "सिस्टर, आत बाळ आहे का? स्ट्रासबुर्गच्या त्या कोरणीवाल्याने मला तीनदा गाडी थांबवून सूचना दिल्या." तुझी चिठ्ठीही मिळाली. "याच गाडीने परत पाठव. जत्रा तोंडावर आहे." त्याबद्दल शेवटी लिहिते.

चरबी पुसली. आधी मी स्वतः पाहिलं, कारण तांबं असं माझ्याही हातात कधी आलेलं नव्हतं. कागदावर काळ्या असलेल्या रेघा तिथे उजेडाच्या होत्या. खिडकीशी पत्रा हलवला की झग्याच्या घड्या एकामागून एक पेटायच्या आणि विझायच्या. मी इतकी वर्षं सोन्याचा वर्ख लावते, पण असं मला एकदाही जमलेलं नाही. एनेलिन, ब्रिडा, सगळ्या पाहून गेल्या. ब्रिडाने हात जोडले. मी तिची कात्री आधीच काढून ठेवली होती.

मग आईकडे नेलं. ती हेरिंग माशांच्या नावाने बोटं मोडत बसली होती, उपासाचा तिसराच दिवस आणि हिला आत्ताच कंटाळा. मी पत्रा तिच्या मांडीवर ठेवला.

तिने वजन घेतलं. काठावरून बोट फिरवलं. "तांबं," ती म्हणाली. "चांगलं ठोकलंय. काठ गोल केलेत, हात कापू नये म्हणून. कुणी शिकलेला माणूस आहे." मग तिचा अंगठा आत सरकला आणि नखाचा तो आवाज आला. तुला आठवत असेल. चिमणी पत्र्यावर चालल्यासारखा.

नख रेघेरेघेने पुढे चालत राहिलं. मी प्रार्थना म्हणायला लागले आणि मध्येच विसरले.

"हा देवदूत ना?"

"हो."

"आणि हा हात. बोटं उचललीत." नख फिरलं, थांबलं. "ओडिले, हा डावा हात आहे! डाव्या हाताने आशीर्वाद? बापाच्या दुकानात असं काम बाहेर पडलं असतं का कधी? सांगितलं होतं मी, कागदाच्या नादाला लागला की माणसाचा हात बिघडतो!"

जिंकल्यासारखी बोलली, पण आवाज रडका झाला होता. तिला चूक सापडायला नको होती. मी घाईने सांगितलं, आई, चांदीत कोरतो तेच दिसतं. यावर शाई लावून कागद दाबतात, मग डावं उजवं होतं आणि उजवं डावं. कागदावर उजवाच हात येतो.

ती विचारात पडली. "म्हणजे सगळंच उलटं कोरायचं? हात, पाय, दार, खिडकी?"

"सगळं."

"आणि मनात सुलट धरून ठेवायचं?"

"हो."

"तरीच लहानपणी बूट उलटे घालायचा," ती म्हणाली, आणि हसली. वेल्टिन, तिने तुझ्याबद्दल मायेने बोललेलं पहिलं वाक्य हे. इतक्या वर्षांनी. मी तारीख लिहून ठेवली नाही, पण ती आजची आहे.

मग ती झग्यावर आली. तिथे तिचं नख हळू झालं. एक घडी धरून वर गेली, मोडापाशी वळली, खाली आली. पुन्हा तीच. मग म्हणाली, "या चादरी माझ्या आहेत." मी काही सांगितलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. "गोठलेल्या. भिंतीशी उभ्या केल्यात मेल्याने." आणि थोड्या वेळाने, "धागा तुटलेला नाही."

पुढचं मला नीट लिहायचं आहे, म्हणून सावकाश लिहिते. मारियाच्या बाहीवर एक मोठं वळण आहे, खांद्यापासून मनगटापर्यंत एकाच दमात घेतलेलं. आईने त्यावर नख तीनचारदा फिरवलं आणि मान हलवायला लागली. "हात नाही वळवला. बघ, कुठेच झटका नाही. हात जागेवर ठेवलाय आणि तांबं फिरवलंय. खाली वाळूची उशी घेऊन." तिने माझा हात शोधला आणि दाबला. "बाप असाच कोरायचा. परगावचे सोनार हात वळवायचे, आपल्या दुकानात चांदी फिरायची. हा इतका रागावून गेला आणि उशी घेऊन गेला!"

मी म्हटलं, "चेहरा बघ आता."

नख वर गेलं. केसांच्या रेघा, ओढणीचा काठ, आणि मग ते गुळगुळीत भागावर आलं आणि भटकायला लागलं. "इथे काही नाही."

"तिथेच चेहरा आहे, आई."

तिने बोट तिथेच ठेवलं. नख नाही, बोटाचं मऊ टोक. पापण्यांच्या दोन रेघा सापडल्या. नाकाची एक. बोट पुन्हा मोकळ्या जागेत येऊन थांबलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "इथे हात लावायचा नसतो. हे मात्र बापाला जमलं नव्हतं. तो चेहऱ्यावर फार काम करायचा."

मला वाटलं, हीच वेळ. पात्राचं सांगून टाकावं. मी सुरुवात केली, तर तिने अडवलं. "वितळवलं ते मला माहीत आहे. नवी घंटा वाजली त्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही पोरी माझ्यासमोर इतक्या जपून बोलायला लागलात की कळायचं राहील का? मी म्हणायची, कागद उंदीर खातात. चांदी माणसं खातात, ओडिले. त्याच्याकडे अजून आहे का तो वेल? कागद नको. तांबं."

आता परत पाठवण्याबद्दल. मांगोल्डची गाडी उद्या सकाळी निघते आणि तिच्यात हे पत्र असेल, तांबं नसेल. ते आईच्या उशीखाली आहे. मी मागितलं, तर म्हणाली, "गाडीवाल्याच्या हाती? बर्फाच्या रस्त्याने? ज्याचं आहे त्याने येऊन न्यावं." मदर युट्टांनी समजावलं, मुलाचं पोट आहे त्यावर. आईने त्यांना सांगितलं, "मदर, पोटासाठीच म्हणते. किती वाळलाय ते बघायला नको का?" मदर युट्टा हसत बाहेर गेल्या. मी आईच्या उशीखालून ओढून घेऊ शकते. घेणार नाही.

जत्रेला वेळ आहे. तू लगेच निघालास तर येऊन, तांबं घेऊन, छपाईला वेळेवर परत पोहोचशील. द्राक्षवेलीचा पत्रा आण, तो अजून वितळवला नसशील तर. आणि कोरणी आण. आई म्हणते, या पत्र्यावर एके ठिकाणी तुझा हात घसरलाय. तू घासून लपवलंस, कागदावर दिसत नाही, पण तिच्या नखाला खड्डा लागतो, आणि असं काम आपल्या दुकानातून बाहेर पडत नाही. मी सगळा पत्रा नखाने तपासला. मला सापडलं नाही. कुठे आहे ते विचारलं, तर मला सांगत नाही. तुझंच बोट धरून दाखवणार म्हणते.

ओडिलिया